शिक्षणाला कामाची जोड देणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणा हे एक लहानसे गाव आहे. ११ मार्च १८६३ रोजी याच गावी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बडोद्याच्या राजघराण्याशी या कुटुंबाचे नाते होते, पण ते दूरचे. घरात संपत्ती नव्हती आणि शिक्षणाचे वातावरणही नव्हते. गुरे राखावीत, शेतात राबावे आणि वाढत्या वयाबरोबर वडिलांचा नांगर हाती घ्यावा, एवढेच त्या मुलाचे भवितव्य दिसत होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नसलेला हा गोपाळ पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला आणि गावोगावच्या मुलांना शाळेत घालणे हे ज्याने राज्याचे कर्तव्य मानले, असा राजा म्हणून इतिहासात नोंदला गेला.

सयाजीरावांच्या सुधारणांची यादी मोठी आहे. रेल्वे, तलाव, बँक, ग्रंथालये, बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा अशा कितीतरी गोष्टी त्यांच्या नावावर आहेत. मात्र या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. गरीब घरातील मूल शाळेत आले, तर शाळेतून बाहेर पडताना त्याच्या हाती काय असावे? आणि जे हाती आले, त्याच्या बळावर त्याला समाजात निर्धास्तपणे जगता येईल का? या प्रश्नाच्या पहिल्या भागाला महाराजांनी समर्थ उत्तर दिले. दुसऱ्या भागापाशी मात्र त्यांचे बडोदेही अडखळले.

कवळाण्याहून बडोद्याकडे

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि बडोद्याची गादी रिकामी झाली. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या शाखांमधील मुलांचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याच्या मुलांना बडोद्यास आणले गेले. आपण येथे राज्य करण्यासाठी आलो आहोत, असे उत्तर लहानग्या गोपाळने चाचपडत न बसता दिले आणि त्यामुळेच त्याची निवड झाली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

पुढची सहा वर्षे ही एका अर्थाने व्यवसाय शिक्षणाचीच होती. शिकायचा व्यवसाय होता राज्यकारभाराचा. एफ. ए. एच. एलियट या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे शिक्षणाची जबाबदारी आली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकाच वेळी शिकायच्या होत्या. त्यात गणित, इतिहास, घोडेस्वारी आणि व्यायाम यांची भर होती. ज्या वयात इतर मुले वाचू-लिहू लागून बरीच वर्षे लोटलेली असतात, त्या वयात हा मुलगा पाटीवर अक्षरे गिरवीत होता. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारातील तत्त्वे आणि व्यवहार यांवर तरुण महाराजांना व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सर्व सूत्रे सयाजीरावांच्या हाती आली. त्या वेळी ते अवघे अठरा वर्षांचे होते.

जन्माने नव्हे, तर शिक्षणाने माणूस आपल्या कामाला लायक होतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी सयाजीरावांना दूर जावे लागले नाही. ते स्वतःच त्याचे उदाहरण होते.

सक्तीची शाळा

बडोदे संस्थान नकाशावर विखुरलेले होते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रमुख प्रांत आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी इंग्रजी मुलूख किंवा इतर संस्थाने. अशा विस्कळीत राज्यात गावोगाव शाळा काढणे हेच कठीण होते, मग प्रत्येक मुलाला शाळेत आणणे तर दूरच. तरीही १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. इंग्लंडमध्ये शाळेतील हजेरी सर्वत्र सक्तीची होऊन तेव्हा तेरा वर्षेच लोटली होती. भारतात असा प्रयोग कोणत्याही सरकारने केलेला नव्हता.

अडचणी अनेक होत्या. शेतकऱ्याच्या घरात मूल म्हणजे कामाला लागलेले दोन हात. ते शाळेत गेले की गुरांमागे कोण जाणार आणि धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, हा प्रश्न कोणत्याही हुकमाने सुटणारा नव्हता. मुलींना शाळेत पाठवणे तर अनेक घरांना मानवणारेच नव्हते. दंडाची तरतूद झाली, तशी दंडाबद्दल नाराजीही वाढली. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सर्व संस्थानास लागू झाला. त्याआधी दोन वर्षे, १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला होता. या दोन्ही कायद्यांचा परस्परांशी संबंध होता. लहान वयात सासरी गेलेली मुलगी वर्गात बसणे शक्यच नव्हते.

बडोद्यातील या प्रयोगाची दखल देशाने घेतली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. एका संस्थानिकाला जे जमते, ते साम्राज्य सरकारला का जमू नये, हा त्यामागील रोख होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यातील शाळा मात्र सुरूच राहिल्या.

कलाभवनाची उभारणी

लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांनी पुढे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. त्या काळातील उत्तर ठरलेले होते. इंग्रजी शिकायचे, परीक्षा द्यायची आणि कचेरीत कारकुनी मिळवायची. पण कचेऱ्यांतील खुर्च्या मोजक्याच असतात. सयाजीरावांनी १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपचा प्रवास केला. तेथील कारखाने आणि शिक्षणसंस्था पाहिल्यावर केवळ पुस्तकी शिक्षणाने देश सुधारणार नाही, ही त्यांची धारणा पक्की होत गेली.

या विचाराला आकार देणारा माणूस बडोद्यातच होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. त्यांच्या कुटुंबाचा परंपरागत व्यवसाय सुतारकामाचा आणि त्यांचा स्वतःचा विषय रसायनशास्त्र. बडोदा कॉलेजात ते प्राध्यापक होते. हाताने काम करणाऱ्या कारागिराला विज्ञान कळले पाहिजे आणि विज्ञान शिकलेल्याला हाताने काम करता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. महाराजांनी त्यांना पाठबळ दिले आणि १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. चित्रकला, बांधकाम, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम आणि रसायन या विषयांचे शिक्षण तेथे मिळू लागले. येथे कला या शब्दाचा अर्थ केवळ चित्र आणि शिल्प एवढा नव्हता. ज्यातून उपजीविका होते, असे प्रत्येक कौशल्य त्यात अभिप्रेत होते.

कलाभवनाचे मोठे वैशिष्ट्य भाषेचे होते. सुताराच्या, लोहाराच्या किंवा रंगाऱ्याच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे आणि मग यंत्रशास्त्राकडे वळावे, अशी अट घातली असती तर ही मुले दारातूनच परत गेली असती. गज्जर यांनी शिक्षण लोकभाषेत देण्याचा मार्ग धरला. पण त्यासाठी पुस्तके कुठे होती? परिभाषाही तयार नव्हती. सयाजीरावांनी या कामासाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले आणि सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला आकाराला आली. उद्योग आणि विज्ञान यांवरील पुस्तके देशी भाषेत लिहवून घेण्याचा तो प्रयत्न होता. रंगकामावर ‘रंग रहस्य’ नावाचे नियतकालिकही निघाले. कृत्रिम रंगांच्या क्षेत्रात त्या वेळी जर्मनी सर्वांत पुढे होती. त्यामुळे जर्मन तज्ज्ञांची मदत घेऊन रंगशाळेतील शिक्षणाला प्रत्यक्ष व्यवसायाची जोड देण्यात आली.

कलाभवनातून बाहेर पडलेल्या अनेकांना कापडगिरण्यांमध्ये काम मिळाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे चित्रपट काढताना कॅमेरा, रसायने, नेपथ्य आणि छपाई ही सारी कामे त्यांनी स्वतःच्या हाताने केली. त्या हरहुन्नरीपणाचा पाया कुठे घातला गेला असेल, हे यावरून ध्यानात येते. गज्जर स्वतः पुढे अधिकाऱ्यांशी मतभेद झाल्याने बडोदे सोडून मुंबईस गेले आणि तेथे त्यांनी रसायनशाळा उभारली. १९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिक या कंपनीची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेव्हा त्या उद्योगामागे गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन हेच होते. वर्गातून प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेतून कारखाना, ही वाट प्रत्यक्षात चालून दाखवता आली.

दुष्काळाने दिलेला धडा

विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत छप्पनिया दुष्काळ म्हणून ओळखला जातो. बडोदे संस्थानालाही त्याचा भयंकर तडाखा बसला. १८९१ च्या जनगणनेत संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५२ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी साडेचार लाखांहून अधिक माणसे घटली. महाराज स्वतः दुष्काळी भागात हिंडले, गावकऱ्यांशी बोलले आणि त्या दौऱ्यातील निरीक्षणे त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

केवळ शेतीवर विसंबलेले कुटुंब एका कोरड्या पावसाळ्यात उघड्यावर येते, हे या दुष्काळाने दाखवून दिले. शेतीला दुसऱ्या व्यवसायाची जोड असेल तरच माणूस अशा संकटात तगून राहतो. कलाभवनाकडे पाहण्याची दृष्टीही त्यामुळे बदलते. व्यवसाय शिक्षण हे तेथे प्रगतीचे साधन तर होतेच, पण उपासमारीपासून संरक्षणही होते. १९०२ मध्ये अहमदाबादेत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन सयाजीरावांच्या हस्ते झाले. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. कौशल्य असूनही भांडवलाअभावी हात बांधलेले राहू नयेत, यासाठी अशा संस्थेची गरज होतीच.

शाळा संपल्यावर वाचनही संपू नये, याचीही व्यवस्था झाली. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथालय तज्ज्ञाला बोलावण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेटीतून फिरणारी पुस्तके असे जाळे विणले गेले. ग्रंथपालांना त्यांच्या कामाचे रीतसर शिक्षण देणारा वर्गही बोर्डन यांनी बडोद्यात चालवला. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या पुढाकाराने स्त्री उद्योगालय उभे राहिले आणि शिवण-भरतकामासारख्या कौशल्यांतून स्त्रियांना चार पैसे स्वतः मिळवता येऊ लागले. याच चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या.

प्रशिक्षण मिळाले, निवारा नाही

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सयाजीरावांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक या शाळांत जाण्यास तयार नसत. त्यामुळे सुरुवातीला मुसलमान शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना या कामासाठी पंजाबातून बोलावण्यात आले आणि शाळा व वसतिगृहांच्या कामाला गती आली. तरीही या शाळा वेगळ्याच होत्या. सर्व मुलांना एका वर्गात बसवण्याएवढी तयारी समाजाची नव्हती.

याच काळात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या मध्यस्थीने मुंबईतील एक विद्यार्थी महाराजांना भेटला. भीमराव आंबेडकर हे त्याचे नाव. बडोदे दरबारने त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी मिळाल्यावर १९१३ च्या जानेवारीत तो बडोद्याच्या नोकरीत दाखल झाला, पण थोड्याच दिवसांत वडील रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी संस्थानने त्याला तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. महिन्याला साडेअकरा पौंड मिळायचे आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्ती, उच्च शिक्षण आणि त्यापुढे निश्चित नोकरी, अशी ही योजना होती. कागदावर तिच्यात काहीही उणे नव्हते.

कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून भीमराव १९१७ च्या सप्टेंबरमध्ये कराराप्रमाणे बडोद्यास आले. नोकरी त्यांची वाट पाहत होती, घर मात्र नव्हते. महार असल्याचे कळताच हॉटेले आणि खाणावळी यांची दारे बंद होत होती. अखेर एका पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव लावून त्यांनी आसरा घेतला. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन धर्मशाळेत आले आणि त्याच दिवशी जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला, पण दोघांनीही काही ना काही कारण सांगून टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा तरुण तेथे डोळ्यांतून आसवे गाळत होता. ज्या बागेत तो बसला होता, ती सयाजीरावांच्याच कारकिर्दीत नगरवासीयांसाठी उभारलेली होती.

बडोद्याच्या शिक्षणव्यवस्थेचे यश आणि अपयश या एका संध्याकाळी शेजारी शेजारी उभे होते. शिष्यवृत्ती देण्याचे औदार्य राजाने दाखवले. नोकरीचा हुकूमही निघाला. पण हुकमाने शहराचे मन बदलत नाही, आणि सरकारी अर्ज वेळेवर निकाली निघेल याची खात्री राजाचे औदार्यही देऊ शकत नाही. शिकवलेल्या माणसाला निर्धास्तपणे राहता येईल अशी जागा मिळवून देणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो, हे बडोद्याच्या कारभाराला त्या वेळी उमगले नाही. महाराजांचे द्रव्य वाया गेले नाही, कारण त्या शिक्षणाचे फळ पुढे साऱ्या देशाला मिळाले. बडोदे मात्र त्याला मुकले.

उत्तरार्ध आणि वारसा

सयाजीरावांची कारकीर्द शांततेची नव्हती. प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांना वारंवार परदेशी जावे लागे. बाळपणीच्या आणि तरुणपणीच्या अनेक आप्तांचे वियोग त्यांनी सोसले. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढे ठरलेल्या रीतीने न झुकल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि इंग्रज सरकारचा रोष ओढवला. तरीही शाळा, वाचनालये आणि उद्योग यांवरचा खर्च त्यांनी आखडता घेतला नाही. अंत्यज मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचे पाऊल १९३० च्या दशकाच्या आरंभी उचलले गेले. भीमरावांना बडोदे सोडावे लागले, त्याला तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. गादीवर येऊन त्यांना त्रेसष्ट वर्षे उलटली होती.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कलाभवन त्या विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. सुतार-लोहारांच्या मुलांसाठी लोकभाषेत सुरू झालेली ती संस्था आता पदवीधर अभियंते घडवू लागली. हा विस्तार मोठा होता. पण इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलासाठी उघडलेले दार या प्रवासात अरुंद झाले का, हा प्रश्नही त्यासोबत उभा राहतो. कौशल्य विकासाच्या योजना आखणाऱ्या प्रत्येक पिढीला तो पुन्हा भेटतो.

कवळाण्याच्या एका निरक्षर मुलाला सहा वर्षांच्या शिक्षणाने राजा बनवले. त्या राजाने हजारो मुलांना शाळेच्या वर्गात आणि शेकडोंना कलाभवनाच्या कर्मशाळेत नेऊन बसवले. त्याच राजाच्या शहरात त्यानेच शिकवलेल्या एका माणसाला रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. सयाजीरावांचे चरित्र वाचताना या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. मुलाला शाळेत आणणे आणि त्याच्या हाताला कसब देणे राज्यसत्तेला साधते. त्या कसबाचा मान राखणे मात्र शेजाऱ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या हाती असते. बडोद्यात उणे राहिले ते तेथेच.